चावी : दिलेली नाही

मी स्विच बनवणाऱ्या कंपनीत नोकरी केली असं सांगितलं की लोक भिंतीकडे बघतात. आमच्या मुलुंडच्या सोसायटीतल्या एका आजोबांनी तर बेडरूमचा स्विच ठिणग्या मारतो म्हणून मला बोलावून घेतलं होतं. मी गेले, मेन बंद केला आणि त्यांना इलेक्ट्रिशियनचा नंबर दिला. "एवढी शिकलेली बाई, पण हाताला काही येत नाही," असं ते नंतर वॉचमनला म्हणाल्याचं कानावर आलं. त्यांचं अगदीच चूक होतं असं म्हणवत नाही.

माझा स्विच वेगळा. दवाखान्यात, बँकेत, ऑफिसात कुठल्यातरी कोपऱ्यात एक लोखंडी कपाट असतं. त्यात वायरींचा गुंता आणि हिरवे दिवे लुकलुकणारा एक चपटा डबा. एका कॉम्प्युटरचं बोलणं दुसऱ्यापर्यंत पोचवायचं, एवढंच त्याचं काम. आम्ही त्याला डबाच म्हणायचो आणि त्या कपाटाला रॅक. डब्याच्या पोटात जो प्रोग्रॅम चालतो, तो लिहिणाऱ्यांपैकी मी एक. ऑफिस विक्रोळीला, स्टोअर आणि दुरुस्ती साकीनाक्याला.

आता थोडं धंद्यातलं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. समजा, मुलुंडच्या शाखेला अंधेरीच्या शाखेशी बोलायचं आहे आणि मधला रस्ता परका आहे. मग इकडचा डबा मूळ पत्र दुसऱ्या पाकिटात घालतो आणि त्यावर आपला आणि पलीकडच्या डब्याचा पत्ता लिहितो. पलीकडचा डबा बाहेरचं पाकीट फाडून आतलं पत्र पुढे देतो. ह्या प्रवासाला टनेल म्हणतात. पाकिटावर पत्त्यांशिवाय आणखी दोनचार गोष्टी असतात. एक असतो नंबर, त्याला आम्ही चावी म्हणायचो. ती दोन्हीकडे सारखी हवी, आणि वापरायची नसेल तर दोन्हीकडचा खाना रिकामा हवा. काही शिक्के असतात. त्यातला एक म्हणजे 'तुकडे करू नका'. मोठं पाकीट अरुंद रस्त्यावरून जात नसेल तर वाटेत त्याचे तुकडे करून नेतात. हा शिक्का असला की तुकडे करता येत नाहीत, पाकीट सरळ टाकून देतात.

हे सगळं करताना डबा स्वतःशी पुटपुटत असतो. काय आलं, कुठे पाठवलं, काय फेकलं. ह्या पुटपुटण्याला डीबग आउटपुट किंवा लॉग म्हणतात. गिऱ्हाइकाला ते दिसत नाही. काही बिघडलं की आम्ही ते वाचायचं. डब्यानं कुठल्या शब्दांत पुटपुटायचं हे प्रोग्रॅम लिहिणारा ठरवतो, आणि बहुतेक वेळा घाईत ठरवतो. टनेलबद्दलची ती ओळ मी गणपतीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी दुपारी लिहिली होती. सामान घ्यायला बाजारात जायचं होतं, म्हणून उरकून टाकली.

आता परबांबद्दल. दत्ताराम परब हे आमचे फील्ड टेक्निशियन. मूळचे मालवणकडचे, राहायला भांडुपला. वडील गिरणीत होते, हे आयटीआय करून कंपनीत लागले. माझ्यापेक्षा चारपाच वर्षांनी मोठे. मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत डबे बसवायचे आणि बिघडले की धावायचं, हे त्यांचं काम. बोलायचे मुंबईचं मराठी, पण बिनसलं की मालवणी सुरू व्हायची. त्यावरून आम्हाला समजायचं की प्रकरण गंभीर आहे.

एकदा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी घाटकोपरच्या एका साडीवाल्या शेटजींचं अख्खं दुकान बंद पडलं. डब्याची पुटपुट सांगत होती, चार नंबरची वायर निघाली आहे. शेटजी सांगत होते, वायर जागेवर आहे. आम्ही विक्रोळीत बसून तीन थिअऱ्या मांडल्या. परब तिथे पोचले आणि त्यांनी फोनवर एकच शब्द सांगितला. "हळद." शेटजींनी डब्याची यथासांग पूजा केली होती आणि हळदकुंकू अचूक चार नंबरच्या भोकात वाहिलं होतं. परबांनी दात घासायच्या ब्रशनं ते साफ केलं, प्रसादाचा पेढा खाल्ला आणि ते निघाले. शेटजींना त्यांनी सांगितलं, पूजा करा, पण झाकणावर.

आमच्याकडे एक पद्धत होती. ज्यानं डबा बसवला त्यानं रॅकच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करनं सही करायची. दुसऱ्याला जाऊन ते काम पुन्हा करावं लागलं तर त्यानं आधीची सही काटायची आणि खाली आपली करायची. नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळे पाळायचे. परबांची सही उपनगरात शेकडो दारांमागे असेल. एकही काटलेली नाही, असं ते छाती काढून सांगायचे.

दुसरी पद्धत फोनची. परब रॅकसमोर उभे राहून लॅपटॉपवरची पुटपुट मोठ्यानं वाचायचे आणि मी विक्रोळीत कागदावर उतरवून घ्यायचे. पडद्यावर सगळं इंग्रजीत असतं, इथे मी मराठीत सांगते आहे.

मुलुंडला एक पॅथॉलॉजी लॅब होती. तिथे रक्त घ्यायचे आणि रिपोर्टचं काम अंधेरीच्या मोठ्या लॅबमध्ये चालायचं. परबांनी तिथे नवा डबा बसवला. कामाच्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं, चावीचा खाना रिकामा ठेवा. दुपारी बाराच्या सुमारास त्यांचा फोन आला.

"मॅडम, काहीतरी घोळ आहे. छोटं जातंय, मोठं अडकतंय. पेशंटचं नाव जातं, रिपोर्टची फाइल जात नाही."

"ओळ वाचा," मी म्हटलं.

त्यांनी वाचली. कुठून, कुठे, आणि मग, "चावी शून्य. शिक्के झिरो एक्स... आठ."

मी तिथेच थांबले. "परब, चावीत शून्य टाकलंत तुम्ही? खाना रिकामा ठेवायचा होता."

"रिकामाच ठेवलाय."

"मग शून्य कसं दिसतंय? पुसा आणि परत करा."

त्यांनी तीनदा केलं. तिन्ही वेळा ओळीत शून्य आलं. तिसऱ्या वेळी त्यांचा आवाज चढला. "मॅडम, मी त्या खान्यात काय्येक घालूक नाय!" काहीच घातलेलं नाही, असं ते सांगत होते. मागे लॅबमधली बाई ओरडत होती, कारण पेशंट रांगेत खोळंबले होते.

मुळात चावी चुकली असती तर छोटंसुद्धा गेलं नसतं. काहीच गेलं नसतं. परबांनी पहिल्याच वाक्यात मला अर्धं उत्तर दिलं होतं. पण शून्य दिसल्यावर मी पुढचं ऐकणं बंद केलं. छोटं जातंय हा त्यांचा भास असेल, असं मनाशी धरून मोकळी झाले. तो झिरो एक्स आठ म्हणजे कुठला शिक्का, हेसुद्धा पाहिलं नाही. ते पाहायला कोडमधला तक्ता उघडावा लागायचा, आणि कंटाळ्यापोटी तो कुणी उघडत नसे.

आमचे मॅनेजर मेहता. माणूस वाईट नव्हता, पण गिऱ्हाइकाचा फोन आला की त्यांना दुसरं काही दिसायचं नाही. त्यांनी आमच्यातल्या अश्विनीला मुलुंडला पाठवलं. ती इंजिनिअर, हुशार, कामाला तीन वर्षं झालेली. ती स्टोअरमधला दुसरा डबा घेऊन गेली, तो बसवला आणि सगळं सुरळीत चालू झालं. काढून आणलेला डबा साकीनाक्याला तपासला, त्यात काही बिघाड निघाला नाही. झालं, निकाल लागला. डबा चांगला असताना परबांनी शून्य टाकलं आणि वर नाही म्हणत राहिले.

अश्विनीनं पद्धतीप्रमाणे परबांची सही काटली. परब तिथेच उभे होते. तिनं मला नंतर सांगितलं की मार्कर त्यांनीच खिशातून काढून दिला.

पुढच्या आठवड्यात मेहतांनी त्यांना साकीनाक्याच्या स्टोअरला बसवलं. "वय झालं यार त्यांचं, नवीन गोष्टी झेपत नाहीत," असं म्हणाले. डब्यांवर लेबलं चिकटवायची आणि खोकी मोजायची. रिटायर व्हायला त्यांना दीड वर्ष होतं. स्टोअरमधून त्यांनी मला एकदाच फोन केला.

"मॅडम, तुम्ही मेहतांना सांगा ना. तुमचं ऐकतील ते. मी शून्य टाकलेलं नाही."

"परब, लॉगमध्ये दिसतंय ना," मी म्हटलं. "लॉग कशाला खोटं बोलेल?"

त्यावर ते "बरं" म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

माझे वडील विक्रोळीतच एका कारखान्यात फिटर होते. साताऱ्याकडून आलेले, चाळीत राहून दोन मुलींना शिकवलेले. कारखान्यात साहेब लोक मशीनपाशी येऊन मीटर बघतात आणि मशीनवरच्या माणसाकडे पाठ करून आपापसात बोलतात, ह्याची त्यांना भारी चीड होती. "आधी मशीनवरच्या माणसाला विचारावं," असं ते जेवताना कितीदा म्हणाले असतील. मी फिटरची मुलगी. मीही मीटर बघितला आणि माणसाकडे पाठ केली.

आठ महिन्यांनी अश्विनी अंधेरीला एका शाळेत डबा बसवायला गेली. सकाळी अकराला तिचा फोन.

"ताई, गंमत बघ. मी चावी रिकामी ठेवलीये आणि हा शून्य दाखवतोय. तुझ्या ओळीत काहीतरी घोळ आहे गं."

"थांब, बघते," मी म्हटलं.

तेव्हा मी हे सहज बोलून गेले. तिला मी एकदाही पुसून परत कर असं सांगितलं नाही. फोन ठेवून कोड उघडला आणि पंधरा मिनिटांत सापडलं. चावी दिलेली असो वा नसो, माझी ओळ ती छापायचीच. दिलेली नसली तर त्या जागेत जे असेल ते छापायची, आणि तिथे असायचं शून्य. म्हणजे शून्य नंबरची चावी दिली तरी शून्य, आणि काहीच दिलं नाही तरी शून्य. वाचणाऱ्याला फरक कळायला काही मार्गच नव्हता.

मग मी तो तक्ता उघडला. झिरो एक्स आठ म्हणजे 'तुकडे करू नका'. प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्तीत आम्हीच डब्याला तो शिक्का आपोआप मारायला लावला होता. मुलुंडला रस्ता अरुंद होता, म्हणून छोटी पाकिटं जायची आणि मोठी फेकली जायची. अश्विनीनं स्टोअरमधून नेलेल्या डब्यात जुनी आवृत्ती होती, त्यात हा शिक्काच नव्हता, म्हणून तो चालला. छोटं जातंय, मोठं अडकतंय. परबांचं वाक्य शब्दन् शब्द खरं होतं. मी खुर्चीवरून उठले आणि पाणी प्यायला गेले. लाज वाटली, दुसरा शब्द नाही.

ओळ सुधारायला मला चार दिवस लागले. दिलेलं असेल तेवढंच छापायचं. चावी दिलेली नसेल तर 'चावी : दिलेली नाही' असं शब्दांत म्हणायचं. शिक्के आकड्यात न गुंडाळता नावानं सांगायचे. झाल्यावर मी ते लॅपटॉपवर घेऊन साकीनाक्याला गेले. परब खोक्यांमागे स्टुलावर बसले होते. चष्मा कपाळावर, शर्टाच्या बाहीला लेबलाचा कागद चिकटलेला.

"परब, तुम्ही बरोबर होता," मी म्हटलं. "शून्य तुम्ही टाकलं नव्हतं. सिस्टिममध्ये दोष होता."

सिस्टिममध्ये. हा शब्द मी तिथे जातानाच ठरवून ठेवला होता. माझ्या ओळीत, असं म्हणायला जीभ वळली नाही.

परबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "वाचू?" त्यांनी विचारलं आणि सवयीनं, फोनवर वाचायचे तशी, मोठ्यानं ओळ वाचली. कुठून. कुठे. चावी, दिलेली नाही. शिक्के, तुकडे करू नका.

"चांगलं आहे," म्हणाले. "पण हा शिक्का कोणी मारला, ते कुठे कळतंय? उद्या म्हणतील टेक्निशियननं मारला. माणसानं घातलेलं वेगळं दाखवा, डब्यानं आपलं आपण घेतलेलं वेगळं दाखवा."

शिकलेल्या सहा इंजिनिअरांपैकी हे एकालाही सुचलं नव्हतं. मी विक्रोळीला परत जाऊन ते केलं. तेव्हापासून आमच्या डब्याच्या पुटपुटण्यात प्रत्येक गोष्टीपुढे येतं, माणसानं दिलेलं की आपोआप आलेलं. त्यानंतर मी कुठलीही नवी ओळ लिहिली की आधी कुणाला तरी फोन लावून ती मोठ्यानं वाचून दाखवायचे. ऐकणाऱ्याला कळली नाही तर ओळ परत लिहायची. नव्या पोरांना ह्याचं हसू यायचं. येऊ दे.

मेहतांना मी केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. तिथे मात्र ओळ माझी होती हेही सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, "आता ते स्टोअरमध्ये सेट झालेत ना? मागचं कशाला उकरायचं? गिऱ्हाइकाला कळलं तर वाट लागेल आपली." मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "हो, तेही खरंच."

प्रोग्रॅममध्ये बदल केला की त्याची एक नोंद लिहायची असते. काय बदललं आणि का. मी लिहिलं, टनेलच्या माहितीची डीबग ओळ सुधारली, वाचायला सोपी केली. 'का' ह्या भागात काहीच लिहिलं नाही. महिन्याच्या मीटिंगमध्ये त्या बदलाचं कौतुक झालं, टाळ्या वाजल्या. मी हसून मान हलवली. परब स्टोअरमधूनच रिटायर झाले. निरोप समारंभाला समोसे होते आणि मेहतांनी दोन चांगली वाक्यं बोलून शाल घातली. मुलुंडचा विषय कुणी काढला नाही, मीही नाही.

गेल्या वर्षी, मी रिटायर होऊन बरीच वर्षं झाल्यावर, त्याच लॅबमध्ये माझं रक्त द्यायला गेले. पर्समध्ये मार्कर घेतला होता. रॅकचं दार उघडून परबांच्या काटलेल्या सहीखाली लिहायचं ठरवलं होतं, दोष ओळीचा होता, आणि खाली माझी सही. काउंटरवरच्या मुलीला रॅक कुठे आहे विचारलं तर तिला शब्दच समजला नाही. लॅबचं नूतनीकरण झालं होतं. कपाट, डबा, सगळं भंगारात गेलं होतं. भिंतीवर एक पांढरी डबी होती आणि खाली पेशंटसाठी सोफा. मी रक्त दिलं, हाताला कापूस लावून घरी आले.

अंकासाठी लिहा म्हणून संपादकांचा निरोप आला, तेव्हा मला आधी गमतीचे किस्से लिहायचे होते. हळदीसारखे अजून पुष्कळ आहेत. लिहायला बसले आणि हेच लिहिलं गेलं. त्या नोंदीतला 'का' हा भाग रिकामा होता, तो इथे भरला असं समजा.

पाठवण्याआधी परबांना फोन केला. आता ते पंचाहत्तरीकडे झुकलेत, भांडुपलाच असतात. म्हटलं, तुमच्याबद्दल लिहिलंय, ऐकून घ्या. आयुष्यभर ते वाचायचे आणि मी ऐकायचे, ह्या वेळी उलटं. गणपतीच्या आदल्या दिवसाची ओळ, सिस्टिम हा शब्द, केबिनमधलं माझं 'तेही खरंच', सगळं वाचलं. ती ओळ माझी होती हे त्यांनी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. संपल्यावर म्हणाले, "आठ महिने नव्हे, मॅडम. अकरा. तुम्ही साकीनाक्याक इलात, तेव्हा माका थंय अकरा महिने झाल्ले."

आमच्या पद्धतीप्रमाणे, वर लिहिलेले आठ मी काटते आणि खाली लिहिते, अकरा.

मग मी त्यांना विचारलं, "परब, माझ्यावर राग आहे का?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. कुणीतरी बादली सरकवली. मी कानाला फोन लावून थांबले. "ठेवतंय हां मॅडम," ते म्हणाले, "पाणी इला." आणि फोन ठेवला.

इथे मी काही लिहिलं नाही तर वाचणारा त्याचा अर्थ राग नाही असा घेईल. मलाही तसाच घ्यायला आवडला असता. पण ही चूक मी एकदा केलेली आहे. म्हणून शब्दांत लिहिते.

उत्तर : दिलेलं नाही.